अनुभव एकाचा, संसार दोघांचा



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी साहजिकच विचारलं, की नशिराबादमध्ये हे कशाला? इथं दारूवर बोला, गुटख्यावर बोला, मोबाइलवर बोला. एलएसडी आणि ते मशरूम ही गोव्याची, अमेरिकेची भानगड. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी.

आपल्या एका हाताला जळगाव, दुसऱ्या हाताला भुसावळ. भुसावळला रात्री गाडीत बसलं की सकाळी मुंबई. इथली मुलं-मुली आज पुण्यात, मुंबईत, बंगळुरूला नोकरीला आहेत, काही परदेशात आहेत. मित्रांच्या टोळक्यातून, गोव्याच्या सहलीतून, नाहीतर मोबाइलवर तासभराच्या गप्पा ऐकून हा विषय त्यांच्यापर्यंत केव्हाच पोचला आहे. मग दिवाळीला घरी आलेला मुलगा किंवा जावई सांगतो, "मी आता पहिल्यासारखा राहिलो नाही. मला सगळं दिसलं." घरच्यांना कळत नाही, की याला वेड लागलं, व्यसन लागलं, की खरंच काही बरं झालं. बायकोला तर अजिबात कळत नाही. तिचा नवरा बदललाय म्हणतात आणि तिला कुणी विचारलेलं नाही.

आज आम्ही त्या घरातल्या माणसांसाठी बोलणार आहोत. एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. ही द्रव्यं आपल्या देशात १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली, म्हणजे एनडीपीएस कायद्याखाली येतात. बाळगणं, विकणं, घेणं हे सगळं गुन्हा आहे. एलएसडीचं 'व्यापारी प्रमाण' कायद्यानं ०.१ ग्रॅम धरलं आहे. त्याच्या वर सापडलं तर कमीत कमी १० वर्षं सक्तमजुरी. तेव्हा घ्या किंवा घेऊन बघा असं सांगायला आम्ही आलेलो नाही. पण ज्या गोष्टीची भीती वाटते ती समजून घ्यायला हरकत नसते. समजली नाही की एक तर तिची पूजा होते, नाही तर तिच्या नावानं नुसती बोंब होते.

आपण नेमकं कशाबद्दल बोलतोय

बाजरीच्या कणसावर पडणारा अरगट शेतकऱ्यांना माहीत आहे. बी मिठाच्या पाण्यात बुडवतात, वर तरंगणारं काढून टाकतात, ते याचसाठी. युरोपात राय नावाच्या धान्यावर याच अरगटाचा भाऊबंद पडतो. तो विषारीच, पण बाळंतपणातला रक्तस्राव थांबवायला त्याच्यातून औषध काढत. स्वित्झर्लंडमधले रसायनतज्ज्ञ आल्बर्ट हॉफमान त्या अरगटावर काम करत होते. १९३८ साली त्यांनी त्यापासून एलएसडी तयार केलं आणि त्यातून काही निघेना म्हणून ते बाजूला पडलं. १९४३ च्या एप्रिलमध्ये ते पुन्हा हाताळताना थोडं चुकून अंगात गेलं आणि त्यांना विचित्र वाटायला लागलं. तीन दिवसांनी, १९ एप्रिलला, त्यांनी मुद्दाम घेतलं आणि सायकलवरून घरी गेले. ती सायकल पुढं जगभर प्रसिद्ध झाली.

दुसरं द्रव्य सायलोसायबिन. ते काही जातींच्या अळंब्यांत असतं. मेक्सिकोतले आदिवासी या अळंब्या धार्मिक विधीत पूर्वापार वापरत आले. 'सायकेडेलिक' हा शब्द १९५० च्या दशकात हंफ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञांनी तयार केला. मन प्रकट करणारं, असा त्याचा साधारण अर्थ. एमडीएमए आणि केटामाइन ही खरं तर जरा वेगळ्या कुळातली, पण हल्लीच्या संशोधनात त्यांचीही चर्चा याच ओळीत होते.

आता आपल्याकडचं. महाशिवरात्रीची भांग ही यातली नव्हे, ती मेंदूत वेगळ्याच ठिकाणी काम करते. शंकराला वाहतो तो धोतरा तर अगदीच वेगळा. धोतऱ्यानं माणूस बरळतो, समोर नसलेल्या माणसाशी बोलतो, नंतर त्याला काही आठवत नाही, आणि काळजाचे ठोके बिघडून जीवही जातो. कुणी "नैसर्गिक आहे, देवाचं आहे" असं म्हणून धोतऱ्याचं बी पुढं केलं, तर त्याला तिथल्या तिथं थांबवा. दारूचं म्हणाल तर दारू माणसाला बधिर करते. ही द्रव्यं उलट जाणीव फार ताणतात. लहानसहान गोष्टी प्रचंड वाटू लागतात. म्हणूनच त्यांचा परिणाम स्वतःबद्दलच्या कल्पनेवर होतो.

'मी' सैल होतो म्हणजे काय

आपण दिवसभर स्वतःला स्वतःची गोष्ट सांगत असतो. मी मोठा भाऊ, सगळं माझ्यावर पडलं. मी रागीट आहे, माझा स्वभावच असा. बापानं धाकट्याला जास्त दिलं. बायको मला समजून घेत नाही. ही गोष्ट इतक्या वेळा सांगून झालेली असते की ती गोष्ट आहे हेच आपण विसरतो. आपल्याला वाटतं, हाच मी.

काही काम नसताना, नुसतं बसलेलं असताना मेंदूत काही भाग एकमेकांशी बोलत राहतात. अमेरिकेतले संशोधक मार्कस रायकली यांनी २००१ साली याकडे लक्ष वेधलं. जुन्या आठवणी, पुढची काळजी, लोक माझ्याबद्दल काय म्हणत असतील, हे सगळं करताना हे जाळं जागं असतं. म्हणजे ती 'मी'ची गोष्ट सांगण्यात त्याचा मोठा वाटा आहे. २०१२ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी ३० निरोगी माणसांना सायलोसायबिन देऊन मेंदूची छायाचित्रं घेतली. त्यांना वाटलं होतं मेंदू पेटून उठेल. झालं उलटं. या जाळ्याच्या मध्यवर्ती भागांतली हालचाल मंदावली. हे द्रव्य सेरोटोनिनच्या एका विशिष्ट ग्राहकाला जाऊन चिकटतं, आणि तिथून पुढं नेहमीची शिस्त ढिली पडते. एरवी एकमेकांशी फारसे न बोलणारे भाग बोलायला लागतात.

अनुभव घेणारा सांगतो, की काही तास 'मी' नव्हतोच. कुणाला त्यात फार शांत वाटतं, कुणाची भीतीनं गाळण उडते. जो माणूस "माझा स्वभावच असा" म्हणायचा, त्याला पहिल्यांदा दिसतं की ती सांगितलेली गोष्ट होती आणि वेगळीही सांगता येईल. इतकंच, पण हे लहान नाही. वर्षानुवर्षं खिन्नतेत असलेल्या माणसाला ही फट दिसणं मोठं असतं.

वारकरी परंपरेत वाढलेल्या माणसाला इथं लगेच आठवतं, की मीपण जाणं हे तर आपले संत सांगत आले. मग हे तेच का? हा प्रश्न महाराष्ट्रात प्रत्यक्ष विचारला गेला आहे, आणि त्याचं उत्तर नगरला मिळालं.

नगरला आलेले अमेरिकन

मेहेरबाबा हे नाव इथं अनेकांनी ऐकलं असेल. मूळ नाव मेरवान शेरियार इराणी. जन्म पुण्याचा, २५ फेब्रुवारी १८९४. शिक्षण डेक्कन कॉलेजात. १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धरलं ते १९६९ साली देह ठेवेपर्यंत. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, अरणगावला त्यांची समाधी आहे.

१९६० च्या दशकात अमेरिकेत एलएसडीची लाट आली. हार्वर्ड विद्यापीठातले टिमोथी लिअरी आणि रिचर्ड अल्पर्ट हे प्राध्यापक त्यात पुढं होते. १९६३ साली दोघांना विद्यापीठातून जावं लागलं. त्यांच्याबरोबर काम केलेले तरुण मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन कोहेन यांच्यासारखे काही जण मेहेरबाबांकडे वळले. १९६५ साली रॉबर्ट ड्रेफस नावाचा तरुण मजल-दरमजल करत अमेरिकेतून नगरला येऊन पोचला. या सगळ्यांचा प्रश्न एकच होता. गोळी घेतल्यावर आम्हाला जे दिसलं, तो देव होता का?

बाबांनी खुणांनी दिलेलं उत्तर निःसंदिग्ध होतं: नाही. मृगजळ आणि पाणी यांत जे अंतर, तेच यात आणि खऱ्यात. शरीराला, मनाला आणि साधनेलाही हे घातक आहे, परत जा आणि बाकीच्या तरुणांनाही सांगा. १९६६ साली त्यांची ही मतं इंग्रजीत एका पुस्तिकेच्या रूपानं छापली गेली आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांतून वाटली गेली. 'द हू' या बँडचे पीट टाउनशेंड यांच्यासारख्या कलावंतांवरही बाबांचा प्रभाव पडला.

पण या उत्तराचा एक भाग लोक सांगायला विसरतात. कडवं दारूचं व्यसन किंवा गंभीर मानसिक आजार असेल आणि तज्ज्ञ डॉक्टर समोर बसून, मोजून-मापून औषध म्हणून देत असतील, तर उपयोग होऊ शकेल असंही त्यांनी म्हटलं होतं. म्हणजे औषध म्हणून दार थोडं उघडं, साक्षात्काराचा आडमार्ग म्हणून बंद. गंमत अशी, की साठ वर्षांनी वैद्यकशास्त्र साधारण त्याच जागी येऊन उभं आहे.

आध्यात्मिक बाजू ज्याची त्यानं ठरवावी. आम्हाला त्यातली एक व्यवहाराची गोष्ट महत्त्वाची वाटते. काय दिसलं याला बाबांनी फार किंमत दिली नाही. परत गेल्यावर तुम्ही जगता कसे, याला दिली.

पाऊस पडून गेल्यावर

'परत गेल्यावर' म्हणजे घरी. विज्ञानानं इथं काय पाहिलं?

२००६ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ३६ निरोगी माणसं, कडक देखरेख, सायलोसायबिन. दोन महिन्यांनंतर दोन तृतीयांश लोकांनी सांगितलं, की आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण पाच अनुभवांत हा एक. ही बातमी जगभर गेली. त्याच प्रयोगातल्या दोन गोष्टी मात्र मागं राहिल्या. एक, इतकी काळजी घेऊनही जवळजवळ तिघांत एकाला त्या दिवशी जबर भीती वाटली. दुसरी, संशोधक तिथंच थांबले नाहीत. त्यांनी घरच्यांना, मित्रांना, सहकाऱ्यांना विचारलं, की या माणसात तुम्हाला काही फरक वाटतो का? त्यांनी सांगितला तो फरक चांगला होता, पण लहान होता. अनुभव घेणारा म्हणतो आयुष्य पालटलं. घरचे म्हणतात हो, थोडा बरा वागतोय. दोघंही खरं बोलत असतात. या दोन मोजमापांमधलं अंतर ज्या घरात कळत नाही तिथं भांडण होतं.

आता अलीकडचं. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञ गुल डोलेन यांनी उंदरांवर काम केलं. पिल्लू असताना उंदीर इतर उंदरांकडून चटकन शिकतात, मोठेपणी ती खिडकी बंद होते. या द्रव्यांनी ती खिडकी काही काळ पुन्हा उघडते, असं त्यांना २०१९ आणि २०२३ च्या कामात दिसलं. केटामाइननं साधारण दोन दिवस, सायलोसायबिननं दोन आठवडे, एलएसडीनं तीन आठवडे. उंदरांचं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही. तरी एक चित्र डोळ्यासमोर येतं, आणि ते खानदेशाला समजावून सांगायची गरज नाही.

काळ्या जमिनीवर पाऊस पडला की आपण लगेच पेरत नाही. वाफसा यायची वाट बघतो. वाफसा आला की जमीन काहीही घ्यायला तयार असते. कापूस टाका, कापूस उगवेल. काहीच केलं नाही तर तणही त्याच जोमानं उगवेल. पाऊस म्हणजे पीक नव्हे. हा अनुभव त्या पावसासारखा आहे. त्यानंतरच्या दोन-चार आठवड्यांत त्या माणसाजवळ कोण आहे, काय बोलतं, कसं वागवतं, यावर पुढचं ठरण्याची शक्यता मोठी. जवळ समजूतदार बायको, नवरा किंवा डॉक्टर असेल तर एक होईल. जवळ एखादा बुवा असेल तर दुसरंच होईल.

नवरा-बायकोत काय होतं

चांगली बाजू आधी सांगू. संसारात बऱ्याचदा प्रेम आटलेलं नसतं, भीती साठलेली असते. हे बोललो तर ती रडेल, ते विचारलं तर तो चिडेल. मग वर्षानुवर्षं दोघं भाजी, फी आणि लग्नपत्रिका एवढंच बोलतात. एमडीएमए या द्रव्यानं काही तास ही भीती कमी होते. अमेरिकेत १९८५ साली त्यावर बंदी येण्यापूर्वी काही समुपदेशक ते जोडप्यांसाठी वापरत होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा जोडपी होती. प्रत्येक जोडप्यातला एक जण जुन्या आघातानं आजारी. दोघांनाही औषध, सोबत अनेक बैठका. आजार कमी झाला आणि नातंही सुधारलं. सहा जोडपी म्हणजे फार थोडी, पण यात दोघं बरोबर होते हे ध्यानात ठेवा.

२०२४ साली लंडनच्या इंपिरियल कॉलेजच्या संशोधकांनी शरीरसंबंधांविषयी विचारलं. अनुभवानंतर काही महिने जोडीदाराशी बोलणं, समाधान, स्वतःच्या शरीराबद्दलची लाज, या बाबतीत अनेकांनी सुधारणा सांगितली. ही लोकांनी स्वतः दिलेली उत्तरं आहेत, आणि ज्यांचं बिघडलं ते अशी प्रश्नावली भरायला येतीलच असं नाही. तरी 'लाज कमी झाली' हा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. आपल्याकडे अनेक जोडप्यांत अडचण शरीराची नसते, लाजेची असते.

आता दुसरी बाजू.

पहिली अडचण विषमतेची. एकानं डोंगर चढून पाहिला, दुसरा पायथ्याशी डबे भरत होता. तुकोबांची गोष्ट घ्या. भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकोबा नामात रमलेले, आणि आवली ऊन-काटे तुडवत भाकरी घेऊन वर जायची, असं परंपरा सांगते. तिनं विठोबाला शिव्या दिल्या म्हणून आपण तिला कजाग म्हणत आलो. दुष्काळ पाहिलेलं घर, पदरात पोरं, आणि नवऱ्यानं कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवलेली. तिच्या जागी उभं राहून बघा. तुकोबांची थोरवी यानं कमी होत नाही, पण आवलीची बाजूही खरी ठरते. आणि आपल्या घरातला मुलगा काही तुकोबा नव्हे. त्यानं एक शनिवार-रविवार काहीतरी पाहिलं आहे. सगळं विश्व एक आहे हे त्याला कळलं असेल, पण सकाळी पाणी कोण भरणार हा प्रश्न तसाच राहतो.

दुसरी अडचण खात्रीची. या अवस्थेत जे सुचतं ते सुचलं असं वाटत नाही, 'दिसलं' असं वाटतं. "आपलं लग्न हीच चूक होती हे मला दिसलं." "तूच माझी खरी सोबती हे मला दिसलं." दोन्ही वाक्यं तितक्याच ठामपणे येतात. दोन्ही खरी असू शकतात, खोटीही असू शकतात. ठामपणा हा पुरावा नव्हे. जाणीव ताणलेली असताना प्रत्येक गोष्टीला फार मोठा अर्थ चिकटतो, तसाच याही गोष्टीला चिकटलेला असतो.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर. ज्याचं मन असं उघडं झालं आहे, त्याला वाकवणं सोपं असतं. कॅनडात २०१५ च्या सुमारास एमडीएमएच्या एका वैद्यकीय चाचणीत खुद्द उपचार करणाऱ्यांनीच रुग्ण स्त्रीशी मर्यादा ओलांडून वर्तन केलं, त्याच्या चित्रफिती पुढं जगासमोर आल्या. कॅमेरे लावलेल्या दवाखान्यात हे होतं, तर कुठल्याशा फार्महाउसवरच्या 'शिबिरात' काय होईल? तिथं मुलीनं दिलेला होकार हा होकार धरता येत नाही. आणि हेच घरातही लागू आहे. नवऱ्यानं बायकोला, "तू पण घे, म्हणजे तुला मी समजेन," असा आग्रह धरणं ही जबरदस्तीच.

ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनिया किंवा उन्माद-खिन्नतेचा आजार, म्हणजे बायपोलर आहे, त्यांना अशा संशोधनांत सहसा घेतच नाहीत. कारण दबलेला आजार उफाळून येऊ शकतो. आपल्याकडे घरातला मानसिक आजार लपवतात. मामाला काय झालं होतं हे भाच्याला ठाऊकच नसतं, आणि तो पुण्यात बेफिकीर असतो.

मग घरच्यांनी काय करावं

समजा असं कुणी तुमच्या घरात आलं. तर आमच्या मते चार गोष्टी.

त्याचं ऐकून घ्या. पटलं पाहिजे असं नाही. "वेड लागलं" म्हणालात की तो पुढच्या वेळी सांगणार नाही, आणि जे ऐकतील त्यांच्याकडे जाईल.

मोठा निर्णय महिना-दोन महिने पुढं ढकला. नोकरी सोडणं, घटस्फोट, नवं नातं, जमीन विकणं. आज जे खरं दिसलं ते दोन महिन्यांनीही खरं असेल, घाई कसली?

बोलण्याऐवजी वागणं मोजा. झोप कशी आहे? आईशी बोलतो कसा? मुलाला शाळेत सोडतो का? बायकोला हेच विचारायचा हक्क आहे: तू बदललास, तर माझ्यासाठी काय बदललं?

आणि झोप उडाली असेल, भलतेच संशय येत असतील, मी कुणीतरी निवडलेला आहे असं बोलत असेल, तर भगताकडे नको, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. पोलिसांच्या भीतीनं डॉक्टरांपासून काही लपवू नका. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर त्याला संरक्षण देणारी तरतूद त्याच कायद्यात, कलम ६४अ मध्ये आहे.

आता वेळ झाली आहे, पण दोन प्रश्न आले आहेत ते घेऊ.

एका ताईंनी चिठ्ठी दिली आहे: 'यानं दारू सुटते म्हणतात, खरं का?' ताई, २०२२ साली अमेरिकेत ९३ जणांवर याची चाचणी झाली. सायलोसायबिन मिळालेल्या गटात भरमसाट पिण्याचे दिवस पुढच्या आठ महिन्यांत १०० पैकी सुमारे १० राहिले, दुसऱ्या गटात सुमारे २४. फरक मोठा आहे. पण दोन्ही गटांना समुपदेशनाच्या बारा-बारा बैठका दिल्या होत्या आणि ज्यांना द्रव्य मिळालं नाही तेही पुष्कळ सुधारले. हा उपचार आज आपल्याकडे उपलब्ध नाही. ऑस्ट्रेलियानं जुलै २०२३ पासून काही डॉक्टरांना मर्यादित परवानगी दिली. अमेरिकेनं ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमएचा अर्ज परत पाठवला, आणखी पुरावा आणा म्हणून. आपल्याकडे केटामाइन हे भुलीचं औषध काही मानसोपचारतज्ज्ञ तीव्र खिन्नतेसाठी रुग्णालयात वापरतात, पण ते दारूवरचा उतारा म्हणून नव्हे. तेव्हा या बातमीच्या आशेवर थांबू नका. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं, त्याला आता चाळीस वर्षं होत आली. बारा बैठकांचं काम आपल्याकडे आजही होऊ शकतं, आणि त्यात बायकोलाही बसता येतं.

दुसरा प्रश्न मागं बसलेल्या एका तरुणाचा आहे: 'असा अनुभव आला असेल, तर घरी सांगावं की नाही?' सांगावं. पण नशा पूर्ण उतरल्यावर, एक-दोन रात्री नीट झोप झाल्यावर, आणि साध्या शब्दांत. 'मला ब्रह्म कळलं' असं सांगितलंत तर समोरच्याला फक्त हात जोडता येतात. 'मला कळलं की मी तुझ्यावर उगाच चिडत होतो' असं सांगितलंत, तर ती काहीतरी बोलू शकेल. मग मात्र थांबायचं आणि ती काय म्हणते ते ऐकायचं. ती म्हणेल, हे तर मी गेली सहा वर्षं सांगत होते. त्या वेळी राग न येणं, एवढा बदल झाला असेल तर तो खरा.